टर्बोच्या तेलाची परतवाट

जुन्या ट्रॅक्टरास टर्बो बसवून घ्यावा काय, असा प्रश्न आमच्या पारनेर तालुक्यांतील शेतकरी बंधूंच्या बोलण्यांत अलीकडे वारंवार येतो. त्याचें कारण उघड आहे. तालुका अवर्षणाचा, पाऊस पडला तरी वाफसा थोडेच दिवस टिकतो, आणि तेवढ्या दिवसांत खरिपाची बाजरी व मूग किंवा रब्बीची ज्वारी पेरून निघाली नाहीं तर पुढें वर्षभर हात चोळीत बसावें लागतें. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे अधिक कडक नियम लागू झाले; त्या ट्रॅक्टरांच्या इंजिनांत नव्या तऱ्हेची यंत्रसामग्री आली आणि किंमतीही चढल्या. म्हणून घरीं आहे त्याच ट्रॅक्टरांतून थोडें अधिक बळ काढावें असें मालकास वाटतें. सुप्यास औद्योगिक वसाहत झाल्यापासून लेथ, ड्रिल व वेल्डिंग जाणणारे हातही पुणें रस्त्यावर जवळच मिळतात.

टर्बो बसवावा कीं बसवूं नये, हा मोठा प्रश्न आहे. त्याचें उत्तर इंजिनागणिक निराळें येईल. प्रस्तुत लेखांत मला एकाच लहानशा भागाविषयीं सांगावयाचें आहे. टर्बोंतून बाहेर पडणारें तेल इंजिनाच्या ऑईल चेंबरांत परत आणणारी जी नळी असते, तिच्यासाठीं चेंबरला भोंक पाडून तोंड बसवावें लागतें. माझें म्हणणें असें कीं, चेंबर खालीं उतरविल्याखेरीज त्यास भोंक पाडूं देऊं नये, आणि हें काम कोठें व कसें होणार तें आरंभापूर्वींच मालकानें कागदावर उतरवून घ्यावें. गोष्ट क्षुल्लक दिसते. पण सबंध इंजिनाचें आयुष्य तीवर अवलंबून आहे.

प्रथम टर्बो म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट मिळविलें. इंजिनांतून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरानें एक चक्र फिरवावयाचें, त्याच दांड्यावर दुसरें चक्र बसवावयाचें, आणि त्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरावयाची, एवढेंच त्याचें मर्म. हवा अधिक गेली म्हणजे डिझेल अधिक जळूं शकतें व बळ वाढतें. परंतु हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याचें एक टोंक धुराच्या आंचेंत तापत असतें. अशा दांड्यास आधार कशाचा, तर तेलाच्या पातळ थराचा. तेल त्यास उचलून धरतें आणि त्याची उष्णताही वाहून नेतें. म्हणून जड काम संपल्यावर ट्रॅक्टर एकदम बंद न करितां दोन-तीन मिनिटें सावकाश चालूं द्यावा असें जाणते लोक सांगतात.

हें तेल टर्बोंत जातें तें इंजिनाच्या पंपाच्या दाबानें. त्यामुळें तिकडे नेणारी नळी बारीक असली तरी भागतें. परंतु बेअरिंगांतून निसटल्यावर तेलांत दाब उरत नाहीं. तें हवेशीं घुसळलेलें, फेसाळलेलें असतें आणि केवळ आपल्या वजनानें खालीं उतरतें. एकाच तेलाची जातांना एक गत आणि येतांना दुसरी! हा भेद लक्षांत न घेतां आलेल्या नळीएवढीच नळी परतीस लावणारे मिस्त्री आढळतात. परतीच्या नळीची आंतील रुंदी निदान १२ मिलिमीटर, आणि शक्य तेथें १६ ते १९ मिलिमीटर असावी. ती सतत उताराची असावी. मध्यें कोठेंही तिला पोट येऊं नये. टर्बोच्या खालीं पुरेसा उतारच मिळत नसेल तर टर्बो वर उचलून बसवावा, पण तेलास चढ चढावयास लावूं नये.

शेतकऱ्यास हें तत्त्व नवें नाहीं. ताल घालतांना आपण सांडवा आधीं पाहतों. सांडवा लहान ठेवला तर पहिल्याच मोठ्या पावसांत ताल फुटते. आपल्या जिल्ह्यांतील प्रवरेचा अनुभवही तोच आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें व प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊंस डोलूं लागला. पण जेथें पाणी आलें आणि निचऱ्याचे चर झाले नाहींत, तेथें चांगली काळी जमीन पाणथळ व खारवट झाली. नीरेच्या कालव्यांखालींही तेंच घडलें. पाणी आणण्याच्या कामाकडे सर्वांचें लक्ष असतें. तें जाण्याच्या वाटेकडे नुकसान झाल्यावर लक्ष जातें. टर्बोचें तेल याला अपवाद नाहीं.

परतीची वाट अडली म्हणजे काय होतें? टर्बोच्या दांड्यावर तेल अडविण्यासाठीं ज्या कड्या असतात त्या पंपाच्या सीलाप्रमाणें घट्ट बसणाऱ्या नसतात. पोटांत तेल तुंबलें कीं तें त्यांच्या बाजूनें निसटतें. एका बाजूनें तें धुराड्यांत जातें आणि निळा धूर निघूं लागतो. दुसऱ्या बाजूनें हवेबरोबर सिलिंडरांत शिरतें. मालक म्हणतो, टर्बो खराब निघाला. दुकानदार दुसरा देतो; तोही धूर काढतो. माझ्या पाहण्यांतील एका ट्रॅक्टरास याप्रमाणें दोन टर्बो लागले, ऐन कांद्याच्या हंगामांत तो पंधरा दिवस उभा राहिला, आणि शेवटीं दोष निघाला तो परतीच्या नळीच्या एका मुरडींत. याहून भयंकर प्रकारही संभवतो. डिझेल इंजिनास हवेच्या वाटेनें पुरेसें तेल मिळालें तर तें त्या तेलावरच चालूं लागतें. मग डिझेल बंद केलें तरी तें थांबत नाहीं, वेग वाढत जातो, आणि इंजिन फुटण्याची व जवळच्या माणसास इजा होण्याची भीति असते.

आतां भोंक पाडण्याच्या रीतीकडे वळूं. चेंबर जागेवरच ठेवून, बाहेरून ड्रिल लावून, अर्ध्या तासांत भोंक पाडून देणारे कारागीर आहेत. ड्रिलच्या टोंकास ग्रीस लावलें म्हणजे कीस त्यास चिकटून बाहेर येतो, असें ते सांगतात. बराचसा येतो हें खरें; पण ड्रिल आरपार होण्याच्या क्षणीं शेवटची चकती व कड्याचे तुकडे आंतच पडतात, आणि आंत किती गेलें याचा हिशेब कोणासही देतां येत नाहीं. दुसरे म्हणतात, डिझेल ओतून चेंबर धुऊन काढूं. परंतु चेंबरांत पडदे, कोपरे व पंपाच्या तोंडाची जाळी असते. निचऱ्याच्या बुचांतून जें वाहून येतें तेवढेंच येतें. तिसरे चुंबकाच्या बुचाचा हवाला देतात. चुंबक लोखंड धरील. पण चेंबर ॲल्युमिनियमचें असल्यास त्याचा कीस चुंबकाकडे ढुंकूनही पाहणार नाहीं.

आंत राहिलेला कीस जातो कोठें, हें समजून घेणें जरूर आहे. तो तळाशीं बसतो, आणि तळाशींच तेलाचा पंप आपलें तोंड लावून असतो. तेथील जाळी जाड तुकडे अडविते, बारीक कण अडवीत नाहीं. फिल्टर पंपाच्या पुढें असतो, मागें नव्हे. तेव्हां पहिला ओरखडा पंपालाच बसतो. पुढें फिल्टर कण धरतो, पण तो तुंबला किंवा थंडीच्या पहांटे तेल घट्ट झालें म्हणजे इंजिन तेलावांचून राहूं नये यासाठीं बहुतेक इंजिनांत एक झडप उघडते व तेल न गाळतांच पुढें जातें. त्या तेलाबरोबर गेलेला कण क्रँकच्या बेअरिंगांत रुतेल किंवा टर्बोच्या बेअरिंगांत. ज्या टर्बोसाठीं भोंक पाडलें, त्याच भोंकाच्या किसानें तो मरावा, यापरता उलटा व्यवहार कोणता?

म्हणून चेंबर उतरवावें. तेल काढून टाकावें, चेंबर मेजावर घ्यावें, डिझेलनें धुऊन कोरडें करावें आणि मगच भोंक पाडून तोंड जोडावें. इंजिनास लागलेल्या, तेलानें माखलेल्या चेंबरला वेल्डिंगची ठिणगी लावणें हें तर आगीस आमंत्रण होय. आंत तेलाची वाफ कोंडलेली असते. पत्र्याच्या चेंबरला वेल्डिंग केल्यावर आंतील बाजूस चिकटलेले मणी व खपली कानशीनें व ब्रशानें पूर्ण काढावी. नंतर सांध्याच्या बाहेरून खडूचा हात द्यावा, आंत रॉकेल ओतावें आणि घटकाभर ठेवावें. जेथें खडू ओला होईल तेथें सांधा गळका समजावा. आंचेनें चेंबरची कड वांकडी झाली आहे काय, हें सरळ पट्टी लावून पाहावें, आणि बसवितांना पॅकिंग नवेंच घालावें.

येथें एक रास्त आक्षेप येईल. पुष्कळ ट्रॅक्टरांत चेंबर हें पत्र्याचें झांकण नसून बिडाचें जड ओतकाम असतें. पुढच्या आंसाचा भार त्यावर येतो. तें उतरवावयाचें म्हणजे ट्रॅक्टरास टेंकू देऊन पुढचा भाग सोडवावा लागतो. हें एका दिवसाचें काम नव्हे, आणि कच्च्या टेंकूवर करण्याचें तर मुळींच नव्हे. शिवाय बिडास वेल्डिंग करणें अवघड. नीट तापविल्याशिवाय केलें तर बाजूनें तडा जातो. भार वाहणाऱ्या भागास तडा जाणें किती धोक्याचें, हें सांगावयास नको.

हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून जागेवरच भोंक पाडावें असें ठरत नाहीं. उलट, दुसरी वाट शोधावी असें ठरतें. एकाच घडणीचीं इंजिनें कांहीं कारखाने टर्बोसह व टर्बोविना अशा दोन्ही प्रकारांनीं काढतात. अशा इंजिनाच्या ब्लॉकला परतीच्या नळीची जागा कधीं कधीं आधींच ओतलेली असून ती बुचानें बंद केलेली असते. प्रथम ती आहे कीं काय तें कारखान्याच्या पुस्तकांत पाहावें. ती नसेल तर ब्लॉकच्या कडेला बोल्टांनीं बसविलेलें, तेलाच्या पातळीच्या वर असलेलें व चेंबरशीं आंतून मोकळें असलेलें एखादें झांकण मिळतें काय तें पाहावें. झांकण काढून मेजावर त्यास भोंक पाडलें, चुडी कापून निपल बसविला, धुतला आणि परत लावला, कीं इंजिनांत कीस जाण्याचा प्रश्नच उरत नाहीं. यांपैकीं कांहींच शक्य नसेल, आणि चेंबर उतरविणेंही परवडत नसेल, तर त्या ट्रॅक्टरास टर्बो न बसविणें हेंच शहाणपणाचें.

भोंक कोठें पाडावें याविषयीं शेतकऱ्यानें स्वतः बोललें पाहिजे, कारण ट्रॅक्टर शेतांत कसा चालतो हें कारागिरापेक्षां तोच अधिक जाणतो. परतीच्या नळीचें तोंड तेलाच्या पातळीच्या वर उघडावें, हा नियम. तें तेलांत बुडालें तर फेसाळ तेल उतरण्यास अडते. पण पातळी मोजावयाची ती सपाट जमिनीवर ट्रॅक्टर उभा करून, काडीवरील वरच्या खुणेइतकें तेल भरून. आणि त्यावर शेतांतील कलाची भर धरून. साध्या फाळाच्या नांगराच्या कामांत उजवीं चाकें तासांत चालतात. सबंध ट्रॅक्टर उजवीकडे कलतो आणि चेंबरांतील तेल त्या बाजूस चढतें. पलटी नांगर असेल तर हा कल एकदां उजवीकडे व एकदां डावीकडे येतो. वर्कशॉपच्या फरशीवर पातळीच्या बोटभर वर दिसणारें भोंक शेतांत तासन्‌तास तेलाखालीं राहूं शकतें. म्हणून जागा पुरेशी उंच घ्यावी. मात्र क्रँक फिरतांना उडणाऱ्या तेलाचा मारा सरळ तोंडावर येईल अशी ती नसावी.

नळीच्या जिनसेविषयींही दोन शब्द. रेडिएटरच्या पाण्याचा होज हाताशीं असतो म्हणून तोच लावण्याची संवय आहे. पाण्यासाठीं केलेलें साधें रबर गरम तेलानें फुगतें; बाहेरून धड दिसतें, पण आंतील वाट महिन्यामहिन्यानें अरुंद होत जाते. तेल व उष्णता सोसणारा होजच घ्यावा, आणि तो धुराड्यापासून दूर ठेवावा. टर्बोच्या खालच्या सांध्यास ट्यूबमधील चिकट लेप फांसूं नये. त्याचे तुकडे सुटून वाट बुजवितात. तेथें पॅकिंग पुरे.

आणखी एक परीक्षा टर्बो विकत घेण्यापूर्वींच करावी. इंजिन चालूं असतां तेल भरण्याचें झांकण काळजीनें सैल करावें. तेथून धूर व वारा जोरानें फसफसत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा ब्रीदर तुंबला आहे असें समजावें. चेंबरांत असा वारा कोंडला असतां नळी कितीही रुंद घातली तरी टर्बोचें तेल खालीं उतरणार नाहीं. अशा इंजिनास आधीं दुरुस्ती हवी. टर्बो हें थकलेल्या बैलास चाबूक मारण्यासारखें होईल.

कायद्याची बाजूही सोडूं नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीच्या दाखल्यांतील तपशिलाशीं न जुळणारा फेरफार मालकानें वाहनांत करावयाचा नाहीं, आणि ट्रॅक्टर हेंही वाहनच आहे. तेव्हां काम काढण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी, आणि कारखान्याची हमी किंवा विमा चालूं असल्यास तेथेंही विचारावें. अपघातानंतर उपटलेल्या शंकेचें निरसन करणें फार महाग पडतें.

आतां कागदाविषयीं. मीं आयुष्यभर महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनामा होतो तो नुकसान झाल्यावर, आणि तोंवर खरें काय घडलें तें सांगणारा कोणी उरलेला नसतो. ट्रॅक्टरच्या कामांत तर बहुधा सगळें तोंडीच ठरतें. पावतीवर "टर्बो बसविला" एवढेंच असतें, चेंबरला भोंक कसें पाडलें याचा शब्दही नसतो. पुढें इंजिन बसलें कीं मालक मिस्त्रीस, मिस्त्री विक्रेत्यास आणि विक्रेता तेलास दोष देतो. कर्जाचा हप्ता मात्र मालकाच्याच नांवावर निघतो.

यास्तव माझी सूचना अशी कीं, आपल्या संघानें एक साधा कागद छापावा आणि सभासदानें काम देण्यापूर्वीं तो मिस्त्रीकडून भरून घ्यावा. त्यांत पांच कलमें पुरेत. पहिलें, परतीचें तोंड कोठें बसणार व तेलाच्या पातळीपासून किती उंचीवर. दुसरें, चेंबर अगर झांकण उतरवून काम होणार कीं नाहीं. तिसरें, नळीची आंतील रुंदी व जिनस. चौथें, आंतील भाग धुतल्यावर व रॉकेलची परीक्षा केल्यावर मालकास दाखविला काय. पांचवें, इंजिन चालूं करण्यापूर्वीं टर्बोंत तेल घालून, डिझेल बंद ठेवून, स्टार्टरनें इंजिन फिरवून परतीच्या नळींतून तेल उतरतांना पाहिलें काय. खालीं दोघांच्या सह्या व तारीख. पहिल्या २०-२५ तासांनंतर तेल व फिल्टर बदलल्याचीही नोंद त्याच कागदावर व्हावी.

यानें चांगल्या कारागिराचा अपमान होतो असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. जो चेंबर उतरवून नीट काम करितो त्याची मजुरी अधिक होते, आणि अर्ध्या तासांत भोंक पाडणाऱ्यापुढें तो महाग दिसतो. ती अधिक मजुरी कशाची, हें या कागदावरून मालकास कळेल व खऱ्या कामास खरा दर मिळेल. आज दोघांचीही पावती सारखीच दिसते, म्हणून गिऱ्हाईक स्वस्ताकडे जातें. हा दोष कारागिरांचा नसून आपलाच, म्हणजे काम देणाऱ्यांचा आहे.

पेरणीच्या तोंडावर हें काम काढूं नये, हेंही शेवटीं सांगणें अवश्य आहे. घाई असली म्हणजे मालकच "चेंबर राहूं द्या, भोंक पाडून मोकळे करा" असें सांगतो, आणि मग मिस्त्रीस बोल लावण्यास जागा राहत नाहीं. रब्बीची मळणी उरकून उन्हाळ्याची उसंत मिळेल तेव्हां, दोन दिवस हातीं ठेवून, काम काढावें. संघाच्या पुढील सभेंत या कागदाचा मसुदा विचारांत घेतला जावा, अशी चालकांस व सभासद बंधूंस नम्र विनंति करून हा लेख पुरा करितों.